देवाचं देणं आणि शेजारणीची हाक

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या ओट्यावर माणसं येतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. आधी दर्यापूरकडे, मग अकोटकडे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लोकांच्या लेखी बाई ती बाईच. चहा होतो, पाऊस कधी येईल ते बोलून होतं आणि मग खरा प्रश्न निघतो.

"बाई, ह्या पोट्ट्याले देवानं कायच्यासाठी धाडलं असन? तुमीच सांगा."

पोट्टं बिचारं खाली मान घालून चपलेचा अंगठा कुरतडत असतं.

मला ते सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. जो सांगतो म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण कसं शोधायचं, शोधताना काय सांभाळायचं, हे थोडंफार सांगता येईल. लेकरांसाठी सांगते आणि तुमच्यासाठीही. चाळिशी-पन्नाशी उलटली म्हणून देवाचं तुमच्याकडचं काम संपलं, असं नसतं.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, देणं. 'त्याच्या गळ्यात देवाचं देणं आहे,' असं आपण म्हणतो. आणि 'किराणावाल्याचं देणं राहिलं,' असंही म्हणतो. एकच शब्द. देवानं दिलं तेही देणं आणि आपण फेडायचं तेही देणं. आपल्या जुन्या माणसांनी दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला, तो काही विसरून ठेवला नसेल.

आता पहिलं काम. लोक तुम्हाला कशासाठी हाक मारतात, ते पाहा.

आळीत उन्हाळ्यात कुरडया-शेवया सुरू झाल्या की एका बाईला सगळीकडून बोलावणं येतं. चीक बरोबर शिजला की नाही, ते तिला नुसत्या वासावरून कळतं. कुणाच्या घरी भांडण झालं की एका काकांना बोलावतात. मोटार बिघडली की विजेच्या दुकानाआधी एका पोराच्या घरी निरोप जातो. मयतीच्या घरी काय करायचं ते एकीलाच सुचतं, बाकीच्या नुसत्या रडतात. ह्या माणसांना आपल्यात काही आहे हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. त्यांना ते सोपं वाटतं. जे सोपं वाटतं त्याची किंमत आपण करत नाही.

देवाची हाक म्हणजे आकाशवाणी, असं समजून आपण वर बघत बसतो. ती हाक शेजारणीच्या तोंडून येते. "ओ ताई, जरा येता का?" एवढीच असते. म्हणून ती ऐकूनही आपल्या ध्यानात येत नाही.

कधी माणूस हाक मारत नाही, जागाच मारते. हे समजायला आपल्याला लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव आहे, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. तिथं १८७६ साली परिटाच्या घरी डेबू जन्मला. बाप लवकर गेला. लेकरू मामाच्या घरी दापुऱ्याला वाढलं, मूर्तिजापूरकडे. शाळा नाही. ढोरं राखायची, वावरात राबायचं. वावरातलं काम त्याचं एक नंबर होतं, असं सांगतात. पुढे मामाचं वावर सावकाराच्या कागदांत अडकून गेलं. वाचता येत नसलं की काय होतं, ते त्या पोरानं घरातच पाहिलं.

तेच आपले गाडगेबाबा.

परिटाचं काम काय? मळ काढणं. ह्या माणसानं तेच केलं, फक्त कपड्यावरून गावावर आला. गावात शिरलं की आधी खराटा हातात. रस्ते, नाल्या, देवळासमोरची घाण. कुणी बोलावलेलं नव्हतं. घाणच बोलावत होती म्हणा. रात्री कीर्तन. त्यात पोथी नाही, मोठे शब्द नाहीत. आपली वऱ्हाडी बोली, आणि लोकांना विचारलेले साधे प्रश्न. लोकांनीच उत्तर द्यायचं आणि उत्तर देता देता लाजायचं. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, लेकरू शाळेत घाला. मामाचं वावर ज्यानं जाताना पाहिलं, त्याच्याच तोंडी हे शोभतं. स्वतःच्या लेकीच्या बारशाला त्यानं मटण आणि दारूचं जेवण न देता गोडधोड वाढलं होतं. त्या काळी भाऊबंदांत ते धाडसच होतं.

डेबूकडे काय काय होतं, मोजा. खराटा धरता येत होता. गळा होता. लोकांच्या काळजाला हात घालणारी बोली होती. आणि घरात सोसलेलं दुःख होतं. ही चौथी गोष्ट आपण मोजतच नाही. लेकराच्या अंगात काय आहे ते शोधताना त्याला काय लागलं, काय टोचलं, हेही विचारा. कितीदा माणसाचं काम तिथूनच निघतं.

इथं एक मध्येच सांगते. परिटाचा मुलगा म्हणून सफाई, असं काही देवानं ठरवलेलं नव्हतं. कुणी तुम्हाला म्हणालं की तुमच्या जातीचं काम तेच तुमचं देवानं दिलेलं काम, तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवा. बाबांनी पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, कारण ज्यांना शिवत नव्हते त्यांना आषाढीत टेकायला जागा नव्हती. तीच धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. त्या माणसाच्या नावावर जातीचं काम शिकवू नका.

दुसरंही सांगून टाकते, कारण आवेशात येणारी माणसं मी पाहिली आहेत. गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडलं. तेव्हा घरी आई होती, बायको होती, लेकरं होती. त्या बायकोनं, कुंताबाईंनी, पुढे कसे दिवस काढले असतील, त्यावर आपण फार बोलत नाही. तुम्ही घर सोडू नका. बाबांसारखं व्हायचं तर खराटा घ्या, घर सोडण्यापासून सुरुवात नको. चूल पेटती ठेवून जे करता येतं तेही देवाचंच. सावता माळी मळा सोडून गेला नाही. गोरोबांनी मडकी घडवणं सोडलं नाही.

तर, हाक ओळखली. आता दुसरं काम. रविवार द्या.

नोकरी सोडू नका. दुकान बंद करू नका. कॉलेज सोडायचं तर नावच काढू नका. आठवड्यातला एक दिवस, नाहीतर रोज संध्याकाळचा एक तास त्या कामाला द्या. वर्षभर. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत. कास्तकार नवं बियाणं सगळ्या वावरात पेरत नाही. आधी दोन ओळींत टाकून पाहतो, उगवण कशी होते ते बघतो. तुम्ही आयुष्य एकदम कसं पेरता?

वर्षात तीन गोष्टी कळतात. पहिली, अंग दमलं तरी मन दमतं का. दुसरी, लोक पुन्हा बोलावतात का, की एकदा बोलावून गप्प बसतात. तिसरी, कुणी वाहवा केली नाही तरी तुम्ही ते करता का. टाळ्यांसाठी केलेलं काम टाळ्या थांबल्या की थांबतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ते तुमचं नव्हतं एवढं कळलं. रविवारच गेले, वावर तर गेलं नाही.

वावराचं नाव निघालंच आहे, तर नीट ऐका. लेकराच्या शिकवणीसाठी वावर विकू नका. अकोल्याला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या शिकवण्यांसाठी आपल्या पाच जिल्ह्यांतून पोरं जातात. ज्याला ते जमतं, आवडतं, त्यानं जावं. खुशाल जावं. पण पोराला रक्त बघायचीही किळस येते आणि बाप म्हणतो, डॉक्टर होणं हीच देवाची इच्छा, तेव्हा थांबा. ती देवाची इच्छा की तुमची? माझ्या माहितीतल्या एका घरानं अडीच एकर विकून तीन वर्षं शिकवणी लावली. पोरगा आता ट्रॅक्टर दुरुस्त करतो. फार छान करतो. लहानपणापासूनच करत होता. सगळं गाव त्याला त्यासाठीच हाक मारायचं, बापालाच ती ऐकू आली नाही.

शाळेत आणि लग्नाच्या हॉलमध्ये काही लोक टेबल मांडून बसतात. लेकराच्या बोटांचे ठसे घेतात आणि मेंदूचा कल सांगतो म्हणतात. रंगीत कागद देतात, हजारो रुपये घेतात. त्याला शास्त्राचा आधार नाही. पत्रिका बघून नोकरी सांगणारे आणि अंगात आणून करिअर सांगणारे, ह्यांच्याच ओळीत त्यांना बसवा. लेकराचा कल बोटाच्या ठशात नसतो. तो बोटं सुट्टीच्या दिवशी काय करतात त्यात असतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत, घरात थोडं गप्प बसून बघावं लागतं.

आता तिसरं, आणि इथंच पुष्कळ जण मागे फिरतात. देणं आहे म्हणून शिकायची गरज नाही, असं समजू नका.

मेळघाटात, धारणी तालुक्यात, बैरागड आहे. डॉ. रवींद्र कोल्हे तिथं गेले ते सेवा करायची म्हणून. हातात डॉक्टरीची पदवी होती, मनात तळमळ होती. तरी तिथं गेल्यावर कळलं की एवढ्यानं भागत नाही. जंगलात क्ष-किरण नाही, रक्त मिळत नाही, बाळंतीण अडली तर लांबवर दुसरा दवाखाना नाही. ते परत गेले, पुढचं शिक्षण घेतलं आणि पुन्हा बैरागडला आले. सोबत पत्नी डॉ. स्मिता कोल्हे आल्या. रुग्णाकडून एक रुपया घ्यायचे. पुढे लोकांनी ढोरांचं विचारलं, पिकांचं विचारलं, म्हणून तेही शिकून घेतलं. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. मला त्या पद्मश्रीपेक्षा मधलं परत जाणं मोठं वाटतं. आपल्याला येत नाही हे कबूल करून पुन्हा बाकावर बसायला मोठं मन लागतं. गळा गोड आहे तरी सा लावायला शिकावं लागतं. शिवण चांगली आहे तरी कटिंग शिकावं लागतं. गावातलाच कुणी उस्ताद शोधा. त्याच्याकडे दोन वर्षं झाडू मारावा लागला तरी चालेल.

तुकडोजी महाराजांचंच बघा. यावलीत १९०९ साली शिंप्याच्या घरी जन्म. शाळा फारशी झाली नाही. हातात काय, तर खंजिरी. आता खंजिरी म्हणजे काय हो? एवढंसं वाद्य, जत्रेत मिळतं. पण वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी बसून, गावोगाव भजनं म्हणून ती खंजिरी अशी तयार झाली की १९४२ साली इंग्रज सरकारला ह्या भजनवाल्याला तुरुंगात टाकावं लागलं. त्याआधी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला होता. पुढे ग्रामगीता लिहिली, त्यात गावानं कसं राहावं ते सांगितलं, संडासापासून शाळेपर्यंत. चीनशी लढाई झाली तेव्हा सीमेवर जाऊन जवानांपुढे भजनं म्हटली. एवढं सगळं एका खंजिरीवर. तुमच्याकडे खंजिरीएवढं तरी काही असेलच.

"पण बाई, आमचं नशीबच तसं नाही," असं म्हणणारेही येतात. पोरगी अधू आहे, पोराला कमी दिसतं, नापास झाला. त्यांना मी आपल्याच मातीतली दोन माणसं सांगते.

लोणी टाकळीला १८८१ साली जन्मलेले गुलाबराव महाराज. तान्हेपणीच दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचे, ऐकलेलं ध्यानात ठेवायचे, आणि तोंडानं सांगून लिहवून घ्यायचे. चौतिसाव्या वर्षी गेले, तोवर शंभरावर ग्रंथ झाले होते. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. मला मात्र त्यांना वाचून दाखवणारी माणसं आठवतात. त्यांची नावं कुणी विचारत नाही. रोज कुणासाठी तरी मोठ्यानं वाचणं, हेही देवाचं बोलावणंच होतं. तुमच्या घरात एखादं अधू लेकरू असेल, तर कदाचित तुमचं काम ते असेल. छोटं समजू नका.

दुसरे सुरेश भट. अमरावतीचे, १९३२ सालचे. अडीच वर्षांचे असताना पोलिओ झाला, पाय अधू झाला. बी.ए.ला दोनदा नापास. त्या घरी कुणी शेजारी येऊन म्हणाला असेल, "ह्या पोराचं काही खरं नाही." आज मराठी गझल म्हटलं की त्यांचंच नाव आधी घेतात. नापास झालेल्या लेकराला घालूनपाडून बोलू नका. त्यानं जेवण सोडलं, दार लावून बसलं, तर गाठोड्यात वह्या बांधायच्या आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. ती रात्र महत्त्वाची असते. मार्कांची गोष्ट महिनाभरानं बोलता येते.

बायांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. पुरुषाला देणं असलं तर त्याला कलावंत म्हणतात. बाईला असलं तर म्हणतात, घरचं काम चांगलं करते. तिच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांची सगळी सोयरीक वाट पाहते आणि तिला लग्नात शेवटच्या पंगतीत बसवतात. जावयांनो, मुलांनो, त्या हाताला मोल द्या. बचत गटात नाव घाला, बँकेत खातं तिच्याच नावावर काढा. विकायचं असेल तर आधी हिशेबाची वही करा. डाळीचे, सरपणाचे आणि तिच्या वेळेचेही पैसे धरून. वेळेचे पैसे धरत नाहीत, म्हणून बायांचे धंदे बुडतात. आणि तिला विकायचं नसेल, नुसतं पोरींना शिकवायचं असेल, तर तेही पुरेसं आहे.

पैशाचं मनात ठेवू नका, उघड बोला. देवाच्या कामाचे पैसे घेऊ नयेत, असं काहींना वाटतं. घ्या. पोटाला लागतात. फक्त किती पुरे ते आधी ठरवा, म्हणजे पैसा वाढला तरी काम बदलणार नाही. आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी महिन्यातला एखादा दिवस ठेवा. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचा अमरावतीत दवाखाना चालत होता. १९४६ साली त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं. ज्यांना घरानं हाकललं त्यांच्या हातांना काम दिलं. सगळ्यांना तेवढं जमत नाही. पण ज्याला देव चांगले हात देतो, त्याच्या दारात असं कुणीतरी उभं असतंच. त्याला पाणी तरी विचारा.

कधी कधी तुम्हाला हाक ऐकू येते आणि घरच्यांना पटत नाही. सून म्हणते कीर्तन शिकायचंय, पोरगा म्हणतो तालमीत जायचंय. भांडू नका. दाखवा. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी आखाडा काढला, तेव्हा लोकांना वाटलं असेल, पोरांना काही उद्योग नाही. त्याच हनुमान आखाड्याची मंडळी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. आता तुमचा पोरगा बर्लिनला जाईल असं मी म्हणत नाही. तालमीत गेला तर बिडी पिणार नाही, एवढं नक्की सांगते.

ऋणमोचन माहीत असेलच. पूर्णेच्या काठी, पौषातल्या रविवारी जत्रा भरते. नावातच ऋण आहे. लोक डुबकी मारून ऋण फेडायला यायचे. गाडगेबाबा तिथं जायचे ते खराटा घेऊन. पुढे त्यांनी तिथं घाट बांधून घेतला. हजारो माणसं देणं फेडायला पाण्यात उतरत होती, आणि हा एक माणूस त्यांच्या पायाखालचा चिखल काढत होता. पुढच्या पौषात गेलात, तर त्या घाटावर घटकाभर बसा. तुम्हाला काही सुचलं तर सुचलं.

आणि त्याआधी एक साधी गोष्ट करा. आजच करा, उद्यावर टाकू नका.

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब त्याच्यावरच असतो. त्याच पानावर महिनाभर आणखी एक गोष्ट लिहा. आज मला कुणी, कशासाठी हाक मारली. दोन शब्द पुरे. 'चीक बघायला.' 'अर्ज लिहून दिला.' 'भांडण मिटवलं.' 'मोटार.' घरातल्या प्रत्येकानं लिहायचं, आजीनं आणि पोट्ट्यानंही. आजीला लिहिता येत नसेल तर तिचं नातवानं लिहावं. महिना संपला की पान फाडू नका. सगळे बसा आणि मोठ्यानं वाचा. घरातल्या कुणाच्या नावापुढे एकही हाक नसेल तर त्याला चिडवू नका, दुसऱ्या दिवशी तुम्हीच त्याला कशासाठी तरी हाक मारा.

पेन्सिल मात्र सुतळीनं खिळ्याला बांधून ठेवा. नाहीतर पोट्टे नेतात.